पिशवीतलं मांजर

आज आष्टीत पुतणीला बघायला पाहुणे आले. पोह्यांची फोडणी पडली आणि कढीपत्त्याच्या वासासरशी मी थेट माझ्याच बघण्याच्या कार्यक्रमात जाऊन बसले.

अंगावर आईची टोचणारी जरीची साडी, समोर मुलगा आणि त्याचे मामा. माझ्या अण्णांनी सहज विचारलं, "आधीची नोकरी कशापायी सोडली?" मुलगा तोंड उघडणार तोच मामा हसून त्याला म्हणाले, "डोन्ट लेट द कॅट आऊट ऑफ द बॅग." अण्णा खूश! माझ्या कानात म्हणाले, "लई शिकलेले हायत."

बारावीच्या परीक्षेसाठी तोच वाक्प्रचार मी घोकून बसले होते. अर्थ, गुपित फोडू नकोस. मुलीनं तिथं फक्त उत्तरं द्यायची असतात. तरी मान खाली ठेवूनच मी विचारलं, "मामा, पिशवीत कंचं मांजर हाय?"

पोह्यांचे चमचे जागीच थांबले.

ते पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. अण्णा तेव्हा माझ्यावरच चिडले. मला मात्र मुलाचा तो पडलेला चेहरा अजून दिसतो.

आजचे पाहुणे गोड मराठीत बोलून गेले, इंग्रजीचा एक शब्द नाही. मला त्यांचाच जास्त संशय येतोय.