गन आणि मिसाईलवाल्यांच्या घरात

आमचे हे हवाई दलात होते. लढाऊ विमानांवर शस्त्रं चढवायचं काम, आणि त्यातही यांच्याकडे गन. गोळ्यांचा पट्टा भरायचा, नळी साफ करायची, विमान जमिनीवर उभं असतानाच गन चालवून बघायची. त्या आवाजानं यांचे कान गेले. निवृत्तीनंतर आम्ही भंडाऱ्याजवळ वरठीत घर बांधलं. तेल संपलं, पाहुणे आले, सगळं मी यांना ओरडून सांगते. संध्याकाळपर्यंत घसा बसतो.

यांचा जुना सोबती दिघोरीचा. तो मिसाईलवाला. आता धान लावतो. अधूनमधून एसटीनं येतो, आणि चहा व्हायच्या आधीच दोघांचा ओरडून ओरडून वाद सुरू होतो.

"दुश्मन नजरेत येण्याआधी मिसाईल त्याले पाडते," सोबती म्हणायचा. "रडारले न दिसणाऱ्या विमानात सगळं पोटात लपवा लागते. त्यात गन कायले पाहिजे?"

"पोटात मिसाईल मावतात किती? चार सुटले, चारही चुकले, मंग?" हे म्हणायचे. "मागं एकदा बिना गनची विमानं काढलीच होती लोकायनं. मंग पुन्हा गन लावा लागली."

हे सगळं मला इतकं पाठ झालं होतं की दोघांपैकी एखादा वाक्य विसरला असता तर मीच पुढचं सांगितलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात टीव्हीवर अशाच न दिसणाऱ्या विमानांवर कार्यक्रम लागला. यांना ऐकू येईना.

"काय म्हणून राहिला तो?" यांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं, पण तेवढं सुचण्याइतकंही त्राण त्या दिवशी नव्हतं. मी ओरडून सांगितलं, "काही विमानायत आता गनच नसते म्हणते. लागली तर बाहेरून लावतेत."

यांनी टीव्ही बंद केला. दोन-तीन दिवस ताटावर नुसते बसायचे. मग एका दुपारी म्हणाले, "मंग माहे कान कायले गेले?"

या गावाहून त्या गावाला बदल्यांमागे माझंही आयुष्य गेलं होतं, ते कायले, हे मला तरी कुठं माहीत होतं. मी सोबत्याला फोन केला.

तो दुसऱ्याच दिवशी आला. मला वाटलं, आता जिंकल्याची फुशारकी मारेल. पण तो यांच्या उजव्या बाजूला, जरा बऱ्या कानाजवळ बसला.

"गड्या, मी जन्मभर मिसाईल विमानाले लावलं, अन् विमान उतरलं का काढलं. उडून उडून त्याची मुदत संपे, का वापस पाठवा. माह्या हातचं एकही लढाईत सुटलं नाही. तुह्या गनीनं आवाज तरी केला."

हे त्याच्याकडे वळून म्हणाले, "नाही सुटलं हे बरंच झालं ना."

"बरंच झालं. पण कधी कधी वाटते."

"वाटते," हे म्हणाले.

त्या दिवशी वाद झाला नाही. जेवताना यांनी भात पुन्हा मागितला. निघताना सोबती यांनाही ऐकू जाईल असा मोठ्यानं मला म्हणाला, "वहिनी, याले भंडाऱ्याले कानाच्या डॉक्टरकडे नेऊ. मी बी येतो संगं." मी हेच कित्येक वर्षं सांगत होते, तेव्हा हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सोबत्यानं म्हटलं तर मुकाट्यानं चप्पल शोधायला लागले. मला राग आला, पण तो धरून ठेवायचीही ताकद नव्हती.

कानाला मशीन बसलं. पहिले काही दिवस पंख्याचा आवाज फार होतो म्हणून कुरकुरले, मग सवय झाली.

पुढच्या खेपेला सोबती आला तेव्हा पुन्हा गन आणि मिसाईलच निघालं, पण हळू आवाजात. मी चहा दिला, आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले आणि उन्हं कलेपर्यंत गाढ झोपले.