मोठीआईंचं बेळगाव

महाडच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेल्या मोठीआईंना पोलादपूरपासून वाठार स्टेशनपर्यंतचा सगळा रस्ता पाठ होता. मोठीआई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर घाटाच्या रस्त्यालगत. महाबळेश्वराकडून उतरलेला माणूस पाणी प्यायला ओटीवर टेकला, की मोठीआई तांब्या पुढे करत आणि चौकशी सुरू करत. विहीर कुठे लागली, पाणी गोड होतं का, मोटार कुठे थांबते, सावली कसली आहे. शेवटचा प्रश्न ठरलेला असे, "आणि बायकांना आडोसा कुठे मिळतो?" पुरुषांना याचं उत्तर येत नसे. "दोनदा जाऊन आलात आणि एवढं पाहिलं नाहीत?" असं म्हणून त्या आत निघून जात.

कुठे जायचं ठरलं की त्या आठ दिवस आधी माजघरात सामान मांडून बसत. एकदा शिवथरला लग्नाला जायचं होतं, तर त्यांनी एक कोरडं लुगडं जास्तीचं घेतलं. आम्ही हसलो. नदी ओलांडताना नवरीची आईच पाय घसरून पाण्यात बसली, आणि ती विधींना उभी राहिली ती मोठीआईंच्या लुगड्यात. त्यानंतर मी मोठीआईंच्या मांडामांडीला हसायचं सोडलं.

माझी नणंद द्वारका बेळगावला दिली होती. तिचे सासरे मूळचे कोकणातले, सासू धारवाडकडची, घरात कानडी जास्त. लग्नाला तीन वर्षं झाली, पण लेक एकदाही माहेरी आली नव्हती. तिची पत्रं मात्र येत. चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे ती बाळबोध लिही, मी वाचून दाखवी. चैत्रानंतर पत्रं मोडीत येऊ लागली. मोठीआईंना वाचता येत नव्हतं, तरी पहिलंच पत्र हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही अक्षरं एका रेघेला का लोंबतायत? द्वारकेची अशी नसतात."

"तिच्या सासऱ्यांनी लिहिलंय," हे म्हणाले. "सगळं खुशाल आहे म्हणतात."

"ते म्हणतात. ती काय म्हणते?"

अशी पाच पत्रं आली. गणपती झाल्यावर एका सकाळी मोठीआईंनी ह्यांना सांगितलं, "दत्तू, भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं असतं. आपण बेळगावला जाऊ."

ह्यांनी नाना अडचणी काढल्या. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मग तिथे राहायचं कसं?

"मी माझं खायला नेईन. पाणी देवळाच्या विहिरीवरून आणीन."

"आणि हिला कशाला न्यायचं?"

"मुलगी आईला सगळं सांगत नाही. भावजयीला सांगते."

तयारी सुरू झाली. दशम्या, मेतकूट, गुळपापडी, भाजके पोहे, जाण्याचा डबा निराळा, येण्याचा निराळा. बांधताना मी पाहिलं, येण्याच्या डब्यात चौघांचं होतं. आम्ही तिघं जाणार होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या गाठ मारत म्हणाल्या, "दत्तूला आत्ता सांगू नकोस."

पाडव्याला पहाटे आम्ही सर्व्हिस मोटारीत बसलो. मोठीआई पुढचा रस्ता आधीच सांगू लागल्या. आता मोठं वळण, मग डाव्या हाताला झरा, मग आंब्याखाली थांबा. तसंच होत गेलं. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "आई, या वाटंनं किती येळा आलाव?"

"एकदाही नाही."

"मग मला रस्ता दावायला बसलाव व्हय?" तो हसला, पण पुढच्या वळणाला त्यानंच विचारलं, "हितं काय हाय, सांगा बगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आगगाडीनं मिरज मागे टाकली होती. बाहेर सपाट काळी जमीन पसरली होती. मोठीआईंनी माझा हात घट्ट धरला. "डोंगर कुठे गेले गं? हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."

बेळगावला विहीणबाईंनी दारातच पायावर पाणी घातलं आणि पाण्याचा पेला पुढे करून विचारलं, "नीरु?" मोठीआईंनी हात हलवून नको म्हटलं. द्वारका पदरात हात गुंडाळून उभी होती. तब्येत ठीक वाटली, पण नजरेला नजर देईना.

दुपारी ओवाळताना तबक तिच्या हातात कललं. ह्यांनी ते सावरलं आणि पदर सरकला. उजव्या हाताची कातडी आवळून तीन बोटं आत वळली होती.

"कुणी केलं हे?" मोठीआईंनी विहिणीकडे पाहत विचारलं.

विहीणबाईंना शब्द कळले नसतील, पण प्रश्न कळला. त्या कानडीत भडाभडा बोलू लागल्या आणि रडू लागल्या. द्वारकेनं सांगितलं, "चैत्रात आधणाचं पातेलं कलंडलं, आई. त्या म्हणतात, ते त्यांनीच उतरवायला हवं होतं. तू तिथे बसून रडशील म्हणून कळवू नका असं मीच म्हटलं."

मोठीआईंचा विश्वास बसला नाही. मला त्यांनी तिच्याबरोबर परसात पाठवलं. द्वारकेनं मलाही तेच सांगितलं. मी येऊन तसं सांगितलं, तरी त्या म्हणाल्या, "उद्या ती आपल्याबरोबर येईल."

सकाळी आम्ही मागल्या दारी गेलो तर विहीणबाई पायरीवर बसून द्वारकेची वेणी घालत होत्या. केसांची गाठ ओढली गेली तशी द्वारका कानडीत फणकारली. सासूनंही काहीतरी ऐकवलं आणि तिच्या डोक्यावर फणी टेकवली. दोघी हसल्या. मोठीआई दाराआड कितीतरी वेळ उभ्या होत्या.

"घाबरलेली पोर सासूला असं उलटून बोलत नाही," त्या मला हळूच म्हणाल्या. मग पुढे होऊन त्यांनी लेकीला विचारलं, "येतेस माझ्याबरोबर?"

"येईन की, चार दिवस. पण आत्ता नको. संक्रांतीनंतर."

मोठीआई विहीणबाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नीरु द्या." विहीणबाई धावत आत गेल्या. हे दारात थिजून उभे राहिले. मोठीआई भांडं तोंडाला लावून सगळं पाणी प्यायल्या, आणि मला येण्याचा डबा आणायला सांगून त्यांनी चौथ्या माणसाच्या दशम्या विहिणीच्या ओटीत घातल्या.

परतीच्या वाटेवर मोटार घाट उतरू लागली तेव्हा त्या एकदम मला म्हणाल्या, "तुझी आई अकरा मैलांवर, महाडात. तू तिच्याकडे राहायला कधी गेली होतीस?"

"दोन वर्षं झाली."

"मला विचारलं का नाहीस?"

मी दोनदा विचारलं होतं. तसं बोलले नाही. पण त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी बैलगाडीतून त्यांनी स्वतः मला महाडला पोचवलं. माझ्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, लेक इतक्या जवळ असून तुम्हाला दिसली नाही. चूक माझी आहे. महिनाभर हिला न्यायला कुणी येणार नाही." आई गाडी वळेपर्यंत दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती.

मोठीआईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या घरात दोन सुना आल्या. धाकटी पहिल्या वर्षी पदराशी चाळा करत विचारायला आली, "माहेरी जाऊ का?"

मी म्हटलं, "आधी ट्रंक भर. मग सांग, निघाले म्हणून."