भिंतीवरची दाढ

तिला घरात सगळे रिवाइंड म्हणत. हे नाव मामाने ठेवलं. मामाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता आणि कॉलेजात जायच्या आधीच्या सुट्टीत ही त्याच्याकडे एडिटिंग शिकायला जायची. एडिटिंग म्हणजे एका चिंचोळ्या खोलीत दोन व्हीसीआर, दोन टीव्ही आणि यंत्रांकडे तोंड करून ठेवलेला पंखा. यंत्रं तापली तर नुकसान, माणसं तापली तर चालतं, असा मामाचा हिशोब होता. एका व्हीसीआरवर कॅसेट चालवायची आणि हवा तेवढा तुकडा दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा, एवढंच काम. पण ही एखाद्या ठिकाणी अडकली की अडकलीच. नवऱ्या मुलाच्या काकांना जांभई येते आणि ते ती चारचौघांत दाबून टाकतात, एवढंच ती मागे घेऊन घेऊन बघत बसायची.

"अगं, नवरानवरी अजून स्टेजवरसुद्धा चढली नाहीत," मामा म्हणायचा. "काकांची जांभई कोण बघणार आहे?"

"मामा, बघ ना, जांभई दाबली की त्यांचे कान हलतात."

मामाने बघितलं. कान खरंच हलत होते. त्याने आणखी एकदा मागे घ्यायला लावलं आणि मग भानावर येऊन तिला चहा आणायला पिटाळलं.

पुढे तिने गुपचूप एक उद्योग केला. एका लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी, जिथे नुसती काळी पट्टी उरते तिथे, त्या लग्नातल्या सगळ्या जांभया ओळीने लावून दिल्या. वर सनई. काही दिवसांनी नवरीचे वडील कॅसेट हातात घेऊन दुकानात आले, तेव्हा मामाने पैसे परत द्यायला गल्ला उघडला. पण वडिलांना आणखी दोन प्रती हव्या होत्या. "आधीचं लग्न नसलं तरी चालेल," ते म्हणाले, "शेवटचंच द्या."

ते गेल्यावर मामाने शेवटचा तुकडा स्वतः लावून बघितला. मग म्हणाला, "तू कलाकार आहेस. उद्यापासून येऊ नकोस."

अशी ती चित्रकलेच्या कॉलेजात गेली. तिथे वर्षाच्या शेवटी सगळ्यांनी कॅनव्हास आणून ठेवले, हिने कॅसेट ठेवली. सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. वाजवायला कॉलेजात यंत्र नव्हतं. शेवटी कॅसेटच्या कव्हरवरचं अक्षर चांगलं आहे म्हणून त्यांनी तिला पास करून टाकलं.

पहिल्या प्रदर्शनात तिने जुने टीव्ही मांडले होते, आणि प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या रांगेत ताटकळलेली माणसं. दुपारी जेवून आली तर सगळे टीव्ही बंद. राखणदाराने वीज वाचवली होती. "कुणी बघत नव्हतं," तो म्हणाला, आणि दुर्दैवाने ते खरं होतं. मग तिने दारावर कागद चिकटवला: बंद करू नका, हेच प्रदर्शन आहे.

आईची मात्र पंचाईत व्हायची. नातेवाईक विचारायचे, मुलगी काय करते?

"व्हिडिओ करते."

"लग्नाचे का?"

"हो," म्हणून आई मोकळी व्हायची. पुढचं समजावून सांगायचं म्हणजे नाकी नऊ.

त्यात तंत्र काही एका जागी थांबेना. मोठ्या कॅसेटवर हात बसतो न बसतो तोच लहान कॅसेट आली, मग चकती आली, मग सगळं कॉम्प्युटरच्या पोटात गेलं. पडद्याच्या जागी प्रोजेक्टर आला आणि अख्खी भिंत मोकळी झाली. भिंत मिळाली खरी, पण तिच्यावर काय दाखवावं हे काही सुचेना. त्याच सुमारास तिची दाढ दुखायला लागली.

दाताच्या डॉक्टरकडे पेनासारखा एक बारीक कॅमेरा होता. तो तोंडात घातला की खुर्चीसमोरच्या पडद्यावर दाढ दिसायची. पेशंटला आपली कीड आपल्या डोळ्यांनी दिसली की तो उपचाराला कुरकुर करत नाही, असा डॉक्टरचा अनुभव. या पेशंटने पडद्याकडे पाहिलं आणि दुखणं विसरली.

"थोडं डावीकडे घ्या," ती तोंड उघडं ठेवून जमेल तसं म्हणाली. "आता हळू मागे. अजून हळू. छान."

"ताई, कीड उजवीकडे आहे," डॉक्टर म्हणाला.

"असू दे. डावीकडे उजेड चांगला पडलाय."

दाढ बरी झाल्यावरही ती येत राहिली. सगळे दात धडधाकट असताना ही बाई वारंवार तपासणीला येते म्हटल्यावर डॉक्टरला काय समजायचं ते समजलं. लग्न झालं. ती लग्नानंतरही त्याला डॉक्टरच म्हणायची.

सुट्टीच्या दिवशी दवाखाना रिकामा असायचा, तेव्हा दोघं तिथे शूटिंग करायची. डॉक्टरचं तोंड काही उपयोगाचं नव्हतं. दात एकसारखे, पांढरे, दुकानात मांडल्यासारखे. तिला वळणं हवी होती, पडझड हवी होती. ती हे जेवताना बोलली आणि सासूबाईंनी घास खाली ठेवला.

"मग माझं बघ की," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडात काय नाही?"

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. आयुष्यभर लोकांना जोडून द्यायचं आणि स्वतः मध्ये बोलायचं नाही, त्याची सगळी भरपाई त्या निवृत्त झाल्यावर करत होत्या. तोंड उघडं ठेवायचं पण बोलायचं नाही, ही अट त्यांना पाळताच येईना. कॅमेरा आत, उजेड आत, आणि ही बाई शेजारणीच्या सुनेची हकीकत सांगतेय. मध्येच जीभ पडद्यावर अशी उसळून यायची, की डॉक्टर दचकून मागे सरायचा.

"आई, जरा गप्प बसा ना," ती म्हणायची.

"आँ आँ आँ," सासूबाई म्हणायच्या. त्याचा अर्थ, मी कुठे बोलतेय.

प्रदर्शनात तिने ते तोंड भिंतभर लावलं. बडबड काढून टाकली आणि तिच्या जागी दूरवरून येणाऱ्या वाऱ्याचा आवाज घातला. नाव दिलं 'घरचं'. लोक अंधारात येऊन उभे राहिले. ओले कडे, वर काळवंडलेला एक सुळका, खाली लालसर उतार. वर्तमानपत्रातले एक समीक्षक तर बराच वेळ हललेच नाहीत.

"काय उदास, ओसाड दरी आहे," ते शेजारच्या वृद्ध बाईंना हळू आवाजात म्हणाले. "कुठलीशी असेल?"

"ओसाड कशी?" सासूबाई दुखावल्या. "शेजारी दोन दात आहेत अजून." आणि त्यांनी आ केला.

समीक्षकांनी वाकून पाहिलं. डॉक्टरने सवयीने खिशातली विजेरी काढून उजेड धरला. समीक्षकांनी एकदा भिंतीकडे, एकदा तोंडाकडे असं दोन-तीनदा पाहिलं आणि ते इतके हसले, की त्यांना बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे लिहिलं, त्यामुळे गर्दी उसळली. पुढे 'घरचं' परदेशातही गेलं. "माझं तोंड विमानात बसून आलं," सासूबाई भेटेल त्याला सांगायच्या, "आणि मी इथे भाजी निवडतेय." दवाखान्यात मात्र कॅमेरा पुढे केला की पेशंट विचारायला लागले, हे कुठे लावणार तर नाही ना?

नंतर तिने पुष्कळ कामं केली. पाळतीच्या कॅमेऱ्यांवर केलं, मोबाइलवर केलं, एक काम चालत्या लिफ्टच्या छतावर दाखवलं. सासूबाई प्रत्येक उद्घाटनाला यायच्या आणि लोकांना विचारायच्या, "तुम्ही माझं पाहिलंय का?" मग त्या थकल्या, आणि एका थंडीत गेल्या. काही महिने तिने कॅमेराच हातात घेतला नाही.

त्यानंतर एका संग्रहालयाने 'घरचं' कायमचं ठेवायला मागितलं. त्यांना मूळ प्रत हवी होती. दवाखान्यातलं शूटिंग ती तेव्हा लहान कॅसेटवरच उतरवायची, म्हणून मूळ प्रत कॅसेटवर होती आणि ती वाजवणारं यंत्र घरात होतं, पण बंद पडलेलं. दुरुस्त करणाऱ्यांनी हात टेकले. सुटे भाग येणंच थांबलंय, म्हणाले.

"बघू दे," डॉक्टर म्हणाला. त्याने यंत्र दवाखान्यातल्या खुर्चीवर ठेवलं, दिवा खाली ओढला आणि दाताच्या आरशाने आत पाहिलं. मग टोकदार हत्याराने वर्षानुवर्षांची घाण खरवडून काढली. "कुणी साफच केलेलं नाही कधी," तो पेशंटला रागवावं तसा पुटपुटला.

कॅसेट चालली. दरी दिसली. आणि वाऱ्याऐवजी सासूबाईंचा आवाज आला. शेजारणीची सून, तिचे केस, मध्येच आँ आँ, आणि मग अगदी स्पष्ट: "झालं का गं? मिटू का आता?"

तिने तो आवाज काढला होता तो प्रदर्शनाच्या प्रतीतून. मूळ कॅसेटवर तो इतकी वर्षं तसाच होता, आणि दोघांना त्याची आठवणच राहिली नव्हती. डॉक्टर स्टुलावर बसला. हातातला आरसा त्याने खाली ठेवला नाही. कॅसेट संपेपर्यंत दोघं दोन-तीनदा हसली.

तिने संग्रहालयाला कळवलं, वारा नको, हाच आवाज ठेवायचा. तिथल्या अधिकारी बाई चिंतेत पडल्या. "आवाज बदलला तर ते तेच काम कसं राहील?" त्यांनी फोनवर विचारलं. "आमच्याकडे वाऱ्याची नोंद आहे."

"मग नवीन काम आहे असं समजा," ती म्हणाली. "वारा मी बाहेरून आणला होता. हे घरचं आहे."

बाईंनी थोडा विचार केला आणि मान्य केलं. आता तिथल्या अंधाऱ्या खोलीत लोक गंभीर चेहऱ्याने शिरतात आणि शेजारणीच्या सुनेचं पुढे काय झालं हे ऐकायला बसून राहतात.

ती सध्या डोळ्यांवर चढवायच्या चष्म्याचं काम करतेय, तो घातला की आपण दुसऱ्याच जागी असल्यासारखं वाटतं. पहिला प्रयोग तिने डॉक्टरवर केला. तो दोन पावलं चालला आणि कपाटावर आदळला. नाक सुजलंय, पण दात शाबूत आहेत, हे त्याने आधी तपासून घेतलं.