चुन्याचा जिना

पद्माताई आपला आजार सांगतात तेव्हा लोकांना हसू येतं, आणि मला त्या हसण्याचा भारी राग येतो. फिनेल, ऑइलपेंट, अगरबत्ती, अत्तर, काहीही नाकात गेलं की त्यांचा घसा आवळतो, डोकं ठणकतं. डॉक्टरांनी सांगून झालं, पण ‘बाईचे नखरे’ म्हणणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? बँकेतून निवृत्त झालेली ही एकटी बाई त्यापायी बारामतीत घरामागून घर बदलत आमच्या जळोचीच्या सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर भाड्यानं आली.

घरमालक केशवतात्या. सोसायटीचे अध्यक्षही तेच. काटेवाडीला ऊस, गाई. मनानं मोठा माणूस, पण हेका सोडेल तर शपथ. दिवाळीआधी जिन्याला ऑइलपेंट द्यायचं त्यांनी ठरवलं. ताई म्हणाल्या, चुना द्या.

“एकट्या तुमच्यासाठी समद्यांनी का ऐकायचं? जमत नसंल तर दुसरं घर बघा,” तात्या म्हणाले.

“भाडं मीही देते, तात्या. त्यात श्वास घेणं आलंच.”

मला टाळी वाजवावीशी वाटली. निर्णय मीटिंगवर गेला.

आता आमच्याकडे मीटिंग म्हणजे निम्मं लग्नच. विषय कुणाला घराबाहेर काढायचा असला, तरी दारात स्वागत झालंच पाहिजे. तात्यांच्या नातीनं, संस्कृतीनं, येईल त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. ताईंवर, मानाच्या म्हणून, जरा जास्तच. ताईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या धापा टाकत बाहेर मोकळ्यावर जाऊन बसल्या.

तात्या मागोमाग धावले. ताईंनी हातानंच त्यांना लांब थांबवलं, कारण तात्यांच्या सदऱ्यालाही अत्तर होतं. तिथंच उभे राहून ते ताईंचा श्वास ताळ्यावर यायची वाट बघत राहिले. मग ओरडले, “खुर्च्या भाईर आणा.”

सगळे वाऱ्यावर बसल्यावर तात्या बोलले. “गोठ्याला आमी चुनाच देतो. गाईंना वासाचा तरास नको म्हणून. तितं कधी मीटिंग घेतली न्हाय. ताई, तुमी हितंच ऱ्हायचं.”

झाडून सगळ्यांचे हात वर गेले. मी तर दोन्ही केले.

जिना पांढराशुभ्र झाला आणि येता-जाता चुना अंगाला पुसून त्याहून पांढरे आम्ही. दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे हातोडी मागायला आल्या. दारावर नावाची पाटी ठोकायची होती. इतक्या घरांत ती त्यांनी कधी लावलीच नव्हती.