खिडकीवर सांगितलेलं वय

बसा जरा. जी गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, सख्ख्या भावाला नाही, कचेरीतल्या ज्या मित्राबरोबर वीस वर्षं एकाच बाकावर डबा खातो त्यालाही नाही — ती आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ फार चलाख चालते, आणि या गोष्टीत तीच तर नडली.

मी बोलका माणूस आहे. बालाघाटला, सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, कचेरीच्या आवारात टायपिंग करतो — अर्ज, शपथपत्रं, वारसांचे कागद. शपथपत्रांत निम्मी जन्मतारखेची असतात. शाळेत एक तारीख, आधार कार्डावर दुसरी, आईच्या आठवणीत तिसरी. माणूस समोर येऊन बसला की मी विचारतो, "सही कौन-सी है? सोच के बताना, शपथ पे लिखना है." हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी माझ्या तोंडी येतं. मला ते शोभत नाही. तरी म्हणतो, कारण धंदाच तो आहे.

माझी मुलगी रेणू आज आठ वर्षं दोन महिन्यांची आहे. बघा, महिन्यांसकट सांगितलं — या बाबतीत आता मी फार काटेकोर झालो आहे. दोन्ही कानांना मशीन, पायांत गुडघ्याखालपर्यंत प्लास्टिकचे आधार, हातात वॉकर. आणि जीभ? ती बापाची. शाळेत पहिल्याच आठवड्यात मॅडमना सांगून आली — "मॅडम, बोर्ड की तरफ मत बोलो, मेरी तरफ बोलो." मॅडम तेव्हापासून वर्गाकडे तोंड करून बोलतात, आणि म्हणे सगळ्याच पोरांचे मार्क वाढले.

वाईट बापाची कहाणी ऐकायला बसला असाल तर तसं काही मिळणार नाही. बाप म्हणून मी चांगला आहे, छातीठोकपणे सांगतो. तिच्या पायांना रोज सकाळी अर्धा तास तेल चोळून ताण देणारा मी. अंगणात दोन बांबू आडवे ठोकून त्यांच्यामध्ये तिला चालायला शिकवणारा मी. पहिली आठ पावलं टाकली तेव्हा गल्लीभर पेढे वाटणाराही मीच. पण चांगला बाप खोटं बोलत नाही, असं कुठे लिहिलं आहे?

रेणू अडीच महिने आधी आली. वजन अकराशे ग्रॅम. नागपूरच्या दवाखान्यात पन्नास दिवस काचेच्या पेटीत होती. घरी पाठवताना तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं — हिचं वय मोजताना अडीच महिने वजा करत जा. दुसऱ्या मुलांशी तुलना करून जीव घाबरा करू नका. दोन वर्षांपर्यंत असं मोजायचं असतं. कागदावर त्यांनी आणखीही काय काय लिहून दिलं होतं, तीन महिन्यांनी कान तपासून घ्या असंही होतं. पण पुढे पायांचंच इतकं निघालं की कानांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तो दोष आम्हा दोघांचा. आज मी सांगतो आहे तो माझ्या एकट्याचा.

वजाबाकीचं ते वाक्य सुनंदानं — माझ्या बायकोनं — डोक्यात ठेवलं. मी मनात ठेवलं.

रेणू सहा महिन्यांची झाली, मान धरत नव्हती. कोणी विचारलं, "कितने की हुई?" मी म्हणायचो, साडेतीन. हे डॉक्टरबाईंच्या हिशेबानं खरंच होतं ना? मग ती दहाची झाली, बसत नव्हती. मी सांगितलं, सहा. मग वर्षाची झाली. एका लग्नात कोणीतरी तिला मांडीवर घेऊन विचारलं, आणि मी सांगितलं — सात. समोरच्या बाईचा चेहरा निवळला. "अच्छा, छोटी है अभी." ते शब्द मला काय गोड लागले म्हणून सांगू! आपल्याकडे लग्नाच्या मुलीचं वय दोन वर्षं कमी सांगायची रीत आहे. मी पाळण्यापासूनच सुरुवात केली. सुनंदा जवळ असली की मात्र मी गप्प राहायचो. ती विचारणाऱ्याला सरळ खरं वय सांगायची आणि वर त्याच्या डोळ्यांत बघायची.

तिची नोकरी रामपायलीला, प्राथमिक शाळेत. सकाळी निघायची ती चारला घरी. मी कचेरीत. दिवसभर रेणू माझ्या वडिलांकडे, म्हणजे तिच्या आबांकडे. आबांनी उभा जन्म धानाच्या मंडीत बोली पुकारली. त्यांच्या आवाजावर व्यापारी गोळा व्हायचे. घरातसुद्धा हळू बोलणं त्यांना कधी जमलं नाही. नातीला छातीवर पालथी घ्यायचे आणि दिसेल ते 'पाय, पाय' म्हणजे 'बघ, बघ' करत सांगायचे — हे पाय चिमणी, हे पाय बकरी, हा पाय तुहा बाप, आयतोबा. रेणू त्यांच्या छातीवर गाल टेकून खदखदून हसायची. "पोरीले समदं आयकू येते, म्या सांगतो," म्हणायचे. आम्हालाही तसंच वाटायचं. त्या छातीत काय घुमत होतं, ते तिला गालानं कळत होतं — हे आता समजतं.

रेणू एकोणीस महिन्यांची होती तेव्हा सुनंदानं विषय काढला. पोर आवाज काढत नाही, हाक मारली तर बघत नाही. गोंदियात मुलांचे एक चांगले डॉक्टर होते. शाळेत परीक्षा चालू होत्या. "मले सुट्टी नाही भेटत. तुमी घेऊन जा, अन् सगळं नीट सांगजा," म्हणाली.

गोंदियाच्या त्या दवाखान्यात पर्चीची खिडकी होती. माझ्या पुढे एक बाई, तिच्या कडेवर गुटगुटीत पोरगं. ते खिडकीचे गज धरून ओरडत होतं, हाताला येईल ते ओढत होतं. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, उमर? बाई म्हणाली, नौ महीने. मग माझी पाळी. रेणू माझ्या खांद्यावर मान टाकून होती. उमर? —

मी काय म्हणालो असेन, तुम्हाला कळलंच असेल. पण मला ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं आहे. मी म्हणालो, "दस महीने."

जन्माचा दाखला कोणी मागितला नाही. अशा खिडकीवर कोण मागतं?

डॉक्टर वयस्क होते, शांत होते. रेणूचे पाय बघितले, व्यायाम सांगितला. वेळेआधी झाली का, विचारलं. म्हटलं, जी, ढाई महीने. त्यांनी पर्चीवरच्या दहातून अडीच वजा केले! माझ्या वजाबाकीतून आणखी एक वजाबाकी. म्हणाले, मग साडेसातच समजा, बोलायचं वयच कुठे झालंय? सहा महिन्यांनी आणा. तेव्हाही आवाज काढला नाही तर सरळ नागपूरला, कानांची तपासणी. साडेसात महिन्यांच्या बाळाच्या बापाला जो सल्ला द्यावा, तोच त्यांनी दिला. मी समोर बसलो होतो. तोंड होतं मला. 'साहेब, खिडकीवर चुकलो, एकोणीस लिहा' — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी पर्ची घडी करून खिशात ठेवली आणि रेणूला टोपी घातली.

घरी येऊन सांगितलं, डॉक्टर सहा महिने थांबा म्हणाले. शब्द न् शब्द खरा. आबा खूश झाले. पर्ची मी सुनंदाला दाखवली नाही.

सहा महिने झाले. सुनंदानं तारीख लक्षात ठेवली होतीच. मी रेणूला घेऊन गोंदियाच्या बसमध्ये बसलो. खिशात ती पर्ची. तिच्यावर 'दस महीने'. आता डॉक्टर नागपूरला पाठवणार, तिथे जन्माचा दाखला लागणार, सुनंदा सोबत येणार, आणि दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले जाणार. दुसऱ्यांच्या दोन कागदांतला फरक मी रोज निस्तरतो. स्वतःचा निस्तरायची हिंमत झाली नाही. राजेगावला बस थांबली आणि मी उतरलो. गोंदियाला गेलोच नाही.

नाक्याजवळ चहाची टपरी होती. रेणूला बाकावर टेकवून बसवलं, हातात बिस्किट दिलं. तेवढ्यात आमच्या पाठीमागून, अगदी चार हातांवर, ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला. मी उडालो. चहा सगळा पँटवर. टपरीखालचं कुत्रं केकाटत पळालं. रेणू बिस्किट चोखत होती. तिची पापणीही हलली नाही.

तर मला कळलं होतं, एवढंच सांगायचं आहे. संशय नाही, भीती नाही — कळलं होतं. आणि तरी मी रस्ता ओलांडला आणि बालाघाटच्या बसची वाट पाहत उभा राहिलो.

"काय म्हणाले?" सुनंदानं विचारलं. म्हटलं, अजून थोडं थांबा म्हणाले. या वेळी एक अक्षरही खरं नव्हतं.

तीन महिन्यांनी आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. रेणू त्यांच्या बाजूलाच खेळत होती.

पुढे पाच महिन्यांनी सुनंदानं माझी वाट बघणं सोडलं. बिनपगारी रजा टाकून तीच रेणूला नागपूरला घेऊन गेली, मी नुसता पिशव्या धरायला. तपासणी झाली — दोन्ही कान, तीव्र बहिरेपण. तपासणाऱ्या बाईंनी जन्माचा दाखला बघितला आणि विचारलं, इतका उशीर कसा केला? सुनंदा ताडकन म्हणाली, गोंदियाच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. दोनदा. मी शेजारी उभा होतो. मी मान डोलावली.

रेणूला मशीन बसलं तेव्हा ती तीन वर्षांची होत आली होती. घरी कुकरची शिट्टी ऐकून तिनं भोकाड पसरलं आणि आम्ही दोघं नवरा-बायको हसत सुटलो. त्यानंतर पोरीनं मागे वळून बघितलं नाही. तिचा मला अभिमान आहे, तो काही कमी होणार नाही.

पण तो डॉक्टर? पाच वर्षं तो माणूस माझ्या वाटच्या शिव्या खातो आहे. सुनंदा गप्प बसणारी नाही. रामपायलीत, आमच्या वॉर्डात, जिथे कोणाचं पोर वेळेआधी झालं तिथे ती जाते, कान तपासा म्हणून सांगते — फार मोलाचं काम करते — आणि शेवटी म्हणते, त्या गोंदियावाल्याकडे मात्र जाऊ नका, त्यानं आमच्या पोरीचं वर्ष खाल्लं. ती सांगत असते तेव्हा मी चहाचे कप उचलतो.

का केलं, विचाराल. पोरीची लाज वाटत होती का? हो, वाटत होती. आज नाही वाटत. तेव्हा वाटत होती. त्या खिडकीवर, त्या गुटगुटीत पोराशेजारी, मला माझ्या लेकीची लाज वाटली. याला दुसरं नाव मी शोधलं नाही असं नाही. मिळालं नाही.

हे छापून येण्याआधी सुनंदाच्या हातात देणार आहे. ती माझ्यापेक्षा चांगलं मराठी वाचते. गोंदियालाही जाणार आहे. तिथे काय बोलायचं ते पाठ करून ठेवलेलं नाही. पाठ केलं की मी छान बोलतो, ते नको.

आणि आजच का सांगतो आहे, तेही ऐका. रेणूला हल्ली आवाजांचा नाद लागला आहे. कोण कसं बोलतं त्याची नक्कल करते. बसचा कंडक्टर, शाळेची मॅडम, फोनवरचा मी — हुबेहूब. गेल्या रविवारी तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"आबाचा आवाज कसा होता?"

"मोठा. मंडीच्या फाटकापावतर जाये."

"म्या आयकला?"

"नाही."

"काहून?"

"तू लहान होती, बेटा. मशीन लावाच्या वयाची नव्हती."

तिनं मान हलवली. तिला पटलं. वॉकर सरकवत ती अंगणात गेली, आणि मी तिथेच उभा राहिलो. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर मी तिचंच वय पुन्हा कमी करून सांगितलं होतं.

ती लहान नव्हती. मशीन वर्षाच्या आतल्या बाळांनाही लावतात. आबा गेले त्या दिवशी रेणू दोन वर्षं चार महिन्यांची होती. त्या खिडकीवर मी खरं वय सांगितलं असतं, तर तोवर सहा-सात महिने तरी तिच्या कानांत मशीन असतं. आणि ते सहा-सात महिने आबा रोज तिच्याशी बोलत होते.