तात्यांच्या मांडीवरचं ओझं

मी पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली. लेकरांना भुताची भीती घालणाऱ्या बायांना मीच रागवायची, म्हणून हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. पण घडलं ते घडलं... तुम्ही वाचा आणि काय ते ठरवा.

आमचं गाव देवणी-उदगीर रस्त्यावर. घर वेशीबाहेरच्या वस्तीत. माझा बाप तात्यांच्या शेतात सालगडी होता, त्यांचे बैल तोच हाकायचा. मी नऊ वर्षांची होते आणि शेवंता, माझी बहीण, सहाची. पोळ्याच्या सकाळी बाप बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता, ही शेजारी बसून मदत करत होती. तळहात लालभडक करून घेतले. दुपारी तिला झाडा-वांत्या सुरू झाल्या, अंग तव्यासारखं तापलं.

बाप तात्यांच्या ओसरीपुढं उभा राहिला. "मालक, गाडी जुंपू द्या. उदगीरला नेतो पोरीला."

"आज पोळा हाय. आज बैलाच्या मानेवर जू ठेवत नसतात, ठावं न्हाई का तुला?"

ज्या बैलांना बापानं सकाळी न्हाऊ घातलं, तेच बैल. बापानं तिला खांद्यावर घेतलं आणि चालत निघाला. मी बाजूनं चालत होते, माझी करंगळी तिच्या मुठीत. अर्ध्या वाटेत मूठ सुटली. मायनं धुऊन धुऊन पाहिलं, तळहाताचा रंग काही निघाला नाही.

लग्न होऊन नांदेडला गेले तेव्हापासून पोळ्याला मी गावात येत नाही. यंदा सुनेचं बाळंतपण होतं म्हणून अडकले. लेक मिलिंद इथंच माझ्या माहेरच्या घरी राहून जीप चालवतो. मिरवणूक बघायला जाताना चावी माझ्याकडं देऊन गेला, ती मी कमरेला खोचली. भर दुपारी तात्यांची सून धावत आली, मागं मिलिंद.

"मावशी, मामंजींच्या छातीत कळ यायलीय. जीप काढा."

पन्नास-पंचावन्न वर्षं मी याच घडीची वाट बघत होते. म्हटलं, "आज पोळा हाय. आज जुंपत नसतात."

"अवो मावशी, जीप हाय ती. बैल न्हाई."

"जुंपणं ते जुंपणंच."

मिलिंद म्हणाला, "माय, चावी दे. म्हातारं मरंल."

"मरू दे की."

खोटं कशाला लिहू, तोंड गोड झालं माझं. आणि तेवढ्यात — माझी करंगळी कुणीतरी धरली. इवलीशी मूठ, तव्यासारखी तापलेली. ओढायला लागली... जीपकडं. मी खाली बघितलं तर कुणी नाही.

चावी दिली. पण म्हटलं, मीपण येणार. त्याच्या तोंडून तिचं नाव वदवून घेतल्याशिवाय सोडायची नाही.

तात्यांची सून पुढं बसली, तात्या मागं, मी त्यांच्या समोर. वेस ओलांडली आणि तात्या कण्हले, "हिला उतरवा... मांडी भरून आली."

"कुणाला?"

"ही बारकी. अंग लई तापलंय हिचं."

मी पुढं वाकले. "बसू द्या, तात्या. तिला उदगीरला दवाखान्यात जायचंय. राहिलंय तिचं जायचं. शेवंता नाव तिचं. म्हणा."

"शेवंता," तात्या म्हणाले. मग खड्डा आला की दोन्ही हातांनी रिकाम्या मांडीवर कुणालातरी सावरायचे. दवाखाना येईपर्यंत.

स्ट्रेचरवर घेताना त्यांच्या पांढऱ्या धोतरावर लाल डाग दिसले. लहान पाच बोटं, दोनदा. यंदा गावात सगळ्यांनी बैलांना ऑइल पेंट लावला होता. हिंगूळ कुणीच आणला नव्हता, मी घरोघर विचारलंय.

तात्या वाचले. पण चालत नाहीत. डॉक्टरांना पायात काही सापडत नाही. त्यांची सून सांगते, दिवसभर बसल्या जागी म्हणतात, "उतर बाई आता."

माझ्या छातीवर इतकी वर्षं काहीतरी बसलेलं होतं, ते मात्र त्या दिवसापासून नाही. नातीला मांडीवर घेऊन मी शेवंताच्या गोष्टी सांगते, आणि रडू येत नाही. हे काय झालं, मला अजून सांगता येत नाही. परवा तात्यांनी निरोप धाडला — तुझं ऐकेल ती, तेवढं तिला उतर म्हण.

मी काही गेले नाही.