ऑफिसातला मेईचा सण

ऑफिसात काम भरपूर असलं की किस्से जमत नाहीत. २००१च्या सुमारास आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या ऑफिसात काम आटलं, दर महिन्याला माणसं कमी व्हायला लागली आणि किस्से मात्र साठत गेले. त्यातले बरेचसे मेईचे.

मेई आमची चिनी सॉफ्टवेअर टेस्टर. मुलगा तान्हा असतानाच तिने त्याला चीनमध्ये आजीकडे ठेवलेलं. नोकरी टिकली तर त्याला इकडे आणायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात.

*

जूनमध्ये त्यांचा ड्रॅगन बोटींचा सण येतो. मेईने बांबूच्या पानात बांधून उकडलेला चिकट भात आणला. मी कोकणातला, केळीच्या पानातल्या पानगीवर वाढलेला; पान सोडवून खाल्लं. आमच्या नागपूरच्या संदीपने पानासकट चावा घेतला!

"भात पानात का बांधता?" चघळत चघळत त्याने विचारलं.

"फार पूर्वी राजाने एका मंत्र्याला काढून टाकलं. त्याने नदीत जीव दिला. माशांनी त्याला खाऊ नये म्हणून लोकांनी नदीत भात टाकला. तोच हा."

आदल्याच शुक्रवारी आमच्यातल्या दोघांना कामावरून काढलं होतं.

संदीप हळूच म्हणाला, "यार, त्याला काढताना सेव्हरन्सचे पैसे नाही दिले?"

*

त्या सणाच्या दिवशी भर बारा वाजता अंडं उभं राहिलं की वर्ष चांगलं जातं म्हणे. आम्ही सगळे इंजिनियर कॉन्फरन्स रूममध्ये अंडी घेऊन बसलो. तेवढ्यात मॅनेजर आला! आता आपली काही धडगत नाही, असं वाटलं.

त्याने दार लावून घेतलं. "मलाही एक द्या," म्हणाला.

*

पुढच्या वर्षी सण लांब होता, पण मेईला धीर नव्हता. तिने आमच्या खोलीच्या दारावर सणाला लावतात ती कसल्याशा पाल्याची जुडी आधीच टांगली. वास थेट दवण्याचा! घरच्या आठवणीने मला अगदी गलबलून आलं.

"याने वाईट काही आत येत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एचआरची बाई त्याच जुडीखालून आत आली आणि सरळ मेईपाशी गेली. जाताना म्हणाली, "काय छान वास येतोय इथे!"

*

नोकरी गेली, तसा व्हिसाही गेला. मेई गाशा गुंडाळून निघाली, ती सणाच्या आदल्या दिवशी घरी पोचली. तिची ईमेल संदीप मोठ्याने वाचत होता, मधेच थांबला. "तू वाच रे पुढचं," मला म्हणाला.

सणाला तिकडे मुलांच्या कपाळावर पिवळ्या औषधी दारूने 'राजा' या अर्थाचं चिनी अक्षर काढतात, पोराला काही बाधू नये म्हणून. आजवर आजी काढायची. यंदा मेईने काढलं. मुलगा शहाण्यासारखा उभा राहिला, जरासुद्धा हलला नाही.

मग आजीकडे वळून म्हणाला, "या मावशींना थँक यू म्हणू का?"